फोन आला नाही म्हणजे

(पडद्यावर: दवाखान्याचं अर्धं ओढलेलं शटर, रात्रीचे साडेनऊ, बाहेरच्या बाकड्यावर कोणी नाही)

हे माझे बाबा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात 1989 पासून त्यांचा दवाखाना आहे, एक खोली तपासायची, एक बाहेर बसायची, मधे प्लायवुडचं पार्टिशन. गावात लोक म्हणतात डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं बाबा ते ऐकून खूश होत असतील. आता शूटिंगच्या निमित्तानं विचारलं तर म्हणाले, भीती वाटते गं, कारण ज्याला गुण येत नाही तो सांगायला परत येत नाही.

हॉस्पिटलात पेशंट कॉटवर असतो, सकाळी राउंडला गेलं की दिसतं कसा आहे ते. इथे तो चिठ्ठी घेतो, पायऱ्या उतरतो आणि गेला. तीन दिवसांनी या म्हटलं आणि नाही आला, तर बरा झाला म्हणून आला नाही, की पैसे नव्हते म्हणून, की दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला, की बार्शीला ऍडमिट आहे, यातलं काय ते कळायला मार्गच नसतो. आमच्याकडे जेवताना लँडलाइन वाजला की बाबांचा घास हातातच थांबायचा आणि नाही वाजला तरी ते मधेमधे फोनकडे बघायचे. आई म्हणायची, अहो फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. बाबा काही बोलायचे नाहीत.

(पडद्यावर: बाजाराचा दिवस, दवाखान्याच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग)

बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येतात, एसटी पकडून परत जायचं असतं, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. 2017 साली 67 देशांची आकडेवारी एकत्र करून एक अभ्यास आला होता, साधा डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद, आपण बांगलादेशच्या जवळ, दोन-सव्वादोन मिनिटं. बाबांना मी हा आकडा सांगितला तर म्हणाले बाजाराच्या दिवशी तेवढी पण मिळत नाहीत.

आणि त्या दोन मिनिटांत करायचं काय असतं, तर शंभर साध्या तापातला एक वेगळा ताप ओळखायचा असतो. डेंगीचंच बघा ना, पहिले दोन-तीन दिवस तो कुठल्याही व्हायरल तापासारखाच दिसतो आणि खरा धोका सुरू होतो ताप उतरायला लागल्यावर, म्हणजे घरचे म्हणतात चला, उतरला एकदाचा, आणि नेमकं तेव्हाच पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. म्हणजे डॉक्टरनं आज बघून चालत नाही, परवा काय होईल ते आजच सांगून ठेवावं लागतं आणि बाहेर अजून चाळीस जण खोकत बसलेले असतात.

आता त्या रात्रीबद्दल सांगते.

2003 चा डिसेंबर. दवाखाना बंद करायच्या वेळेला एक जण आले, पंचेचाळिशीचे, आमच्याच गल्लीत पुढे राहणारे, बायको सोबत होती. छातीत नाही, छातीच्या खाली जळजळतंय म्हणाले, मळमळतंय, दुपारी लग्नात जेवण झालंय. बाबांनी बीपी बघितलं, पोट दाबून बघितलं, ऍसिडिटीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं बसवून घेतलं, बरं वाटतंय म्हणाले, चालत घरी गेले. पहाटे चारला दार वाजलं. बाबा बनियनवरच पळाले आणि पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असा पोटदुखीचं, मळमळीचं सोंग घेऊन येतो. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही, कॉलेजात शिकवतात, परीक्षेत विचारतात. पण दवाखान्यात ईसीजीचं मशीन नव्हतं, रात्रीच्या वेळी ईसीजी काढायचा तर पेशंटला गाडी करून बार्शीला पाठवावं लागलं असतं, आणि लग्नाचं जेवण करून आलेल्या माणसाला जळजळतंय म्हणून गाडी करून कोण पाठवतो. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, हेही खरं. ही सगळी कारणं मी बाबांना दिली आहेत आणि त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आहेत. दर वेळी ते एवढंच म्हणतात, घाम होता गं त्याच्या कपाळावर, डिसेंबरमध्ये.

पुढच्या महिन्यात त्यांनी कर्ज काढून मशीन आणलं. मग काही वर्षं अशी गेली की छातीवर हात ठेवून कोणी आत आलं तरी ईसीजी, अठरा वर्षांच्या पोराचा पण ईसीजी. ताप आला की लगेच रक्त तपासा, सर्दीला पण अँटिबायोटिक, जरा शंका आली की बार्शीला जा. लोकांना वाटायचं डॉक्टर आता कमिशन खायला लागले. बाबा मला म्हणाले, त्या वर्षांत मी पेशंटला नाही, स्वतःला औषध देत होतो. आणि त्याचे पैसे पेशंटच्या खिशातून जात होते, हे त्यांना कळत होतं, तरी हात थांबत नव्हता. घाबरलेला डॉक्टर जास्त काळजी घेतो असं आपल्याला वाटतं. मला आता वाटतं तो आधी स्वतःलाच सांभाळतो आणि त्यात त्याचा दोष कमी आणि एकटेपणा जास्त असतो.

(पडद्यावर: गल्ली, संध्याकाळ, भाजीची पिशवी घेऊन चाललेले बाबा, पाठमोरे)

कारण मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला निदान तेच नातेवाईक रोज भेटत नाहीत. इथे भाजी घ्यायला गेलं की त्या बाई समोर, गणपतीच्या आरतीला त्यांचा मुलगा शेजारी उभा. आणि त्या बाईंनी डॉक्टर बदलला नाही. मुलाला ताप आला की त्या बाबांकडेच घेऊन यायच्या, काही बोलायच्या नाहीत, त्याच बाकड्यावर बसायच्या. बाबा त्या घरची फी घेत नव्हते, पाचेक वर्षं घेतली नाही. मग एक दिवस त्यांनी वीस रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, डॉक्टर पैसे घ्या, नाहीतर मला दुसरा दवाखाना बघावा लागेल. बाबांनी नोट ड्रॉवरमध्ये ठेवली, पण त्या विषयावर दोघंही काही बोलले नाहीत.

कायदा आहेच डोक्यावर. 1995 साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात आणली, 2005 साली जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं की साधी चूक म्हणजे गुन्हा नाही, घोर निष्काळजीपणा असेल तरच फौजदारी होते. 2024 पासूनच्या नव्या न्याय संहितेत उपचार करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पेशंटला दाद मागता यायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण बाबांवर एकही केस झालेली नाही, कधी कोणी काच फोडलेली नाही, तरी माणूस बावीस वर्षं पहाटे चारला उठतो, ते कुठल्या कलमात बसवायचं?

2000 साली अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छोटासा लेख लिहिला. त्यांच्या शिकाऊ दिवसांत एका सहकाऱ्याला पेशंटच्या ईसीजीतली धोक्याची खूण दिसली नव्हती, बातमी हां हां म्हणता पसरली, आणि बाकीच्या डॉक्टरांनी त्याला समजून घ्यायचं सोडून नालायक ठरवून टाकलं. चूक झालेल्या डॉक्टरला वू यांनी ‘दुसरा बळी’ म्हटलं. मी हा लेख बाबांना वाचून दाखवला. ईसीजीपाशी आल्यावर म्हणाले, थांब जरा. मग पुढचं ऐकलं आणि म्हणाले शब्द चुकलाय, दुसरा बळी त्या बाई होत्या, मुलगा होता, मी नंतर. जगात इतरांनीही या शब्दावर हाच आक्षेप घेतलाय, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं त्यांना सुचलं होतं, ते तसंच राहू दिलं.

पण तालुक्याच्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये त्यांनी ही केस कधी सांगितली का? नाही. तिथे अवघड निदान कसं पकडलं ते सांगतात, हुकलेलं कोणी सांगत नाही. समोर बसलेला पलीकडच्या चौकात दवाखाना चालवतो ना. आईला सांगितलं होतं, एकदाच, अर्धवट.

(पडद्यावर: काळा पडदा, फक्त आवाज)

पुढचं दाखवता येणार नाही. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी त्या बाई बीपी दाखवायला आल्या, मी कॅमेरा बंद केला, सांगायची परवानगी त्यांनी नंतर स्वतः दिली. बाबा पट्टा बांधत होते. बांधता बांधता हात थांबला आणि म्हणाले, वहिनी, त्या रात्री मी त्याला पाठवायला पाहिजे होतं, घाम दिसला होता मला.

त्या बराच वेळ पट्ट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, भाऊ, रात्री दोनला त्यांनी परत उठवलं होतं मला, दुखतंय म्हणाले. मीच ओवा दिला आणि म्हटलं डॉक्टरांना कशाला आता झोपेतून उठवायचं, सकाळी जाऊ.

बाबांना हे माहीतच नव्हतं. दोन घरं सोडून दोन माणसं एकाच रात्रीला बावीस वर्षं जागत होती.

बाहेरून कोणीतरी विचारलं, डॉक्टर, अजून किती वेळ? बाबांनी पट्ट्यात हवा भरली, दीडशे-नव्वद निघालं. गोळी बदलली, चिठ्ठी लिहिली, चष्मा वर करून पुन्हा एकदा वाचली आणि तिच्या मागच्या बाजूला दवाखान्याचा नाही, स्वतःचा मोबाइल नंबर लिहून म्हणाले, रात्री काही वाटलं तर उठवा.