स्पेसबारवरचा अंगठा

(नाशिकमध्ये सोसायट्यांचे पदाधिकारी, शिक्षक आणि टायपिंगचं काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. समोर सोसायट्यांचे सचिव दिसतायत, शिक्षक दिसतायत, आणि मागच्या रांगेत सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात टायपिंगची कामं घेणारी मंडळीही आहेत. म्हणजे फाइल कशी उघडायची आणि सेव्ह कशी करायची, यात आपला वेळ घालवायला नको. तुम्ही सगळे रोज वर्ड वापरता. माझी तक्रार एवढीच, की तुम्ही ते टाइपरायटरसारखं वापरता.

टाइपरायटरवर शीर्षक मधोमध आणायला स्पेस मोजून द्यावी लागायची. परिच्छेदात अंतर हवं तर रूळ दोनदा फिरवायचा. यंत्र गेलं, पण सवय बोटांत राहिली. खोटं वाटत असेल तर घरी गेल्यावर तुमची जुनी नोटीस उघडा आणि होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं बटण दाबा. न दिसणाऱ्या सगळ्या खुणा दिसायला लागतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेस, प्रत्येक उलटा ‘पी’ म्हणजे एक एन्टर. ‘आपला विश्वासू’ उजवीकडे ढकलायला वापरलेली ठिपक्यांची रांग बघून तुम्हालाच हसू येईल. फॉन्ट बदलला, दुसऱ्या प्रिंटरवर गेलात, की ती रांग ढासळते आणि ‘विश्वासू’ खालच्या ओळीवर जाऊन पडतो. उजवीकडे न्यायचं तर उजवं अलाइनमेंट आहे, टॅब आहे. नवीन पान हवं तर कंट्रोल-एन्टर आहे. एन्टर दाबत दाबत पान संपवायचं नसतं.

हे झालं किरकोळ. खरा मुद्दा स्टाइल्सचा, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण होम टॅबवरची निम्मी जागा व्यापणाऱ्या त्या चौकटीला बहुतेकांनी कधी हातच लावलेला नसतो.

समजा, सोसायटीचा वार्षिक अहवाल आहे. प्रत्येक शीर्षक तुम्ही निवडता, ठळक करता, आकार १६ करता, मध्यभागी नेता. वीस शीर्षकं असतील तर वीस वेळा. मग अध्यक्ष म्हणतात, ‘जरा लहान करा की!’ पुन्हा वीस वेळा. त्यापेक्षा वर्डला सांगा की ही ओळ शीर्षक आहे: तिच्यावर ‘हेडिंग वन’ लावा. ते कसं दिसावं हे एकदाच ठरवायचं. स्टाइलच्या नावावर उजवं क्लिक, ‘मॉडिफाय’, आणि बदल केला की वीसच्या वीस शीर्षकं एकदम बदलतात. त्याच खिडकीत ‘पॅराग्राफ’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’वर खूण असेल, तर शीर्षक पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, असा प्रकार होत नाही. हेडिंग स्टाइल्समध्ये ती खूण बहुधा आधीच असते.

आणि शीर्षकं अशी ओळखीची झाली की इतर कामं आपोआप होतात. ‘रेफरन्सेस’मधून अनुक्रमणिका एका क्लिकवर तयार. पानं सरकली की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-नाइन दाबायचं, आकडे दुरुस्त. ‘व्ह्यू’मधून ‘नॅव्हिगेशन पेन’ उघडलात तर डावीकडे सगळी शीर्षकं दिसतात, आणि तिथलं शीर्षक उचलून वर नेलं की त्याखालचा सगळा मजकूर सोबत जातो. लांबलचक निवेदनं टाइप करणाऱ्यांनी हे एवढं जरी उचललं, तरी या व्याख्यानाचं भाडं वसूल.

आता मराठीतली एक गोम. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. त्यामुळे स्टाइल बदलताना ‘फॉरमॅट’, मग ‘फॉन्ट’ असं गेलात की दोन रकाने दिसतात: वर लॅटिन मजकुराचा, खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा. वरच्या रकान्यात १४ चे १८ केले तर इंग्रजी अक्षरं मोठी होतात आणि मराठी जागची हलत नाहीत. माणसाला वाटतं, प्रोग्राम बिघडला. बिघडलेलं काही नसतं, फक्त खालचा रकाना भरायचा राहिलेला असतो. लिबरऑफिस फुकट मिळतं, तेही चांगलं आहे. त्यात हाच रकाना ‘सीटीएल’ या नावाने येतो, आणि एफ-इलेव्हन दाबलं की स्टाइल्सची यादी उघडते.

दुसरी गोम ओळींमधल्या अंतराची. पान वाचवायला काही जण ‘एक्झॅक्टली’ निवडून अंतर आवळतात. इंग्रजीत खपून जातं. मराठीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. ‘मल्टिपल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवा. फॉन्टचंही तसंच. मंगल सगळीकडे सापडतो म्हणून लोक तोच छापतात, पण त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फुकट फॉन्ट मुद्दाम मराठी वळण सांभाळून केलेला आहे. मला छापील पानावर तो फार आवडतो.

जुन्या फॉन्टांमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. त्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो; म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, तेव्हा जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्या आणि नंतर नीट वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथे हमखास घसरतात.

‘फाइंड-रिप्लेस’ सगळ्यांना येतं, पण ते सांभाळून वापरा. आपल्याकडे एकाच अहवालात नाशिकरोड, नाशिक रोड आणि नासिकरोड अशी तीन रूपं सुखाने नांदतात, तिथे ते रामबाण आहे. पण ‘सर’च्या जागी ‘महोदय’ घालून ‘रिप्लेस ऑल’ दाबलंत, तर ‘सरकार’चं ‘महोदयकार’ होतं आणि सरचिटणीस महोदयचिटणीस होतात. एकेक बघत पुढे जा. दोनदा दिलेले एन्टर काढायचे तर शोधायच्या चौकटीत सहाच्या कळीवरचं टोपीचं चिन्ह आणि इंग्रजी ‘पी’ असं दोनदा लिहा, बदलायच्या चौकटीत एकदा. कीबोर्ड तेवढ्यापुरता इंग्रजीवर आणायला विसरू नका. आणि ‘डॉ.’ एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत, असं होऊ नये म्हणून मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या.

सचिव मंडळींनो, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. ती धावपळ ‘मेल मर्ज’ने खूप हलकी होते. एक्सेलमध्ये नाव, फ्लॅट क्रमांक, थकबाकी असे रकाने करा, ‘मेलिंग्ज’मधून ती यादी पत्राला जोडा, आणि पत्रात जिथे नाव हवं तिथे नावाचा रकाना घाला. प्रत्येक सभासदाचं पत्र वेगळं तयार होतं. थकबाकीत पैसे असतील तर मात्र जपा: ४५००.४० ऐवजी ४५००.३९९९९ असं काहीतरी उमटू शकतं. त्यासाठी एक्सेलमध्येच ‘टेक्स्ट’ फॉर्म्युल्याने तो आकडा मजकूर करून घ्या. आणि थेट प्रिंटरकडे पाठवू नका. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडून पत्रं आधी डोळ्यांखालून घाला. थकबाकीचा आकडा चुकला तर सभेत काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मघाशी चिठ्ठी आली होती: गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप होतं का? होतं. संगणकावर क्रोममध्ये ‘टूल्स’ मधून ‘व्हॉइस टायपिंग’ घ्या, भाषा मराठी करा. पहिला खर्डा झटकन उतरतो, आडनावं मात्र हातानेच दुरुस्त करावी लागतात. आणि तिथेही हेडिंग स्टाइल्स आहेतच. कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबलं की ओळ ‘हेडिंग वन’ होते, वर्डमध्येही आणि डॉक्समध्येही. लिबरऑफिसमध्ये नुसतं कंट्रोल आणि १ पुरतं.