सालबर्डीच्या गरम पाण्याखाली

[दृश्य : रात्र. संत्र्याची बाग. बोअरच्या गाडीचा दिवा. पानांवर दगडाची पांढुरकी भुकटी.]

वरूड तालुक्यातल्या या बागेत बोअरची गाडी दुपारपासून सुरू आहे. बागायतदार दर दोन-तीन रॉडनंतर बाहेर पडणारा चुरा ओंजळीत घेतात, त्यावर थोडे पाणी टाकतात आणि टॉर्चच्या उजेडात त्याचा रंग पाहतात. चुरा अजून काळाच आहे.

"कितवा रॉड झाला, भाऊ?"

"पंचेचाळीसावा, काकाजी."

एक रॉड २० फुटांचा, म्हणजे खोली ९०० फूट झाली. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात हा आकडा ऐकून आता कोणी दचकत नाही, कारण उपसा वाढत गेला तसे पाणी खाली गेले आणि पाण्यामागे बोअरही खाली गेले. आपला विषय मात्र या भोकाच्याही दहा-पंधरा पट खोल आहे. तिथे पाणी नाही, किंवा असले तरी नगण्य आहे. तिथे आहे तो तापलेला, कोरडा, घट्ट दगड. त्या दगडातली उष्णता वर आणून वीज करता येईल का, या प्रश्नावर जगात गेली पन्नास वर्षे काम चालू आहे, आणि विदर्भाने त्या कामाकडे लक्ष द्यावे अशी एक खूण याच भागात जमिनीवर उघडी पडलेली आहे.

[दृश्य : सातपुड्याचा पायथा. सालबर्डी. वाफाळणारे कुंड.]

मोर्शी तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डी आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि गुहेतल्या महादेवाचे दर्शन घेऊन लोक गरम पाण्याच्या झऱ्यावरही जातात. हे पाणी ज्वालामुखीमुळे गरम आहे असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. आपल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा, लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि त्याची धग केव्हाच विझली. (लोणारच्या सरोवरालाही पुष्कळ लोक ज्वालामुखीचे मुख समजतात, ते उल्कापाताने झालेले विवर आहे.) सालबर्डीचे पाणी मुळात पावसाचेच आहे. ते भेगांतून खोल उतरते, तिथल्या दगडाने तापते आणि जमिनीतल्या मोठ्या तड्याच्या वाटेने पुन्हा वर येते.

हा तडा महत्त्वाचा आहे. गाविलगड भ्रंश या नावाने भूवैज्ञानिक ज्या तड्याला ओळखतात, तो सातपुड्याच्या पायथ्याशी याच भागातून जातो. त्याच्या हालचालींमुळे सालबर्डीच्या परिसरात एक दुर्मीळ गोष्ट घडली आहे : एरवी काळ्या दगडाच्या थरांखाली दडलेला जुना ग्रॅनाइटी पट्टिताश्म (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड) आणि डायनोसोरांचे अवशेष सापडणारा लॅमेटा थर हे दोन्ही येथे उघड्यावर आले आहेत. बाकी पश्चिम विदर्भात ज्यावर काळ्या दगडाची जाड गोधडी पांघरलेली आहे, तो दगड येथे हाताने चाचपता येतो.

[दृश्य : ग्रॅनाइटचा तुकडा जवळून.]

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांच्या किरणोत्सर्गी क्षयातून सतत थोडी थोडी उष्णता निर्माण होते, आणि तिच्यात पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता मिसळते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. जुन्या, स्थिर भूखंडांत ही वाढ याहून बरीच कमी असू शकते, तर काही पट्ट्यांत जास्त असते. उष्णतेचा साठा मात्र प्रचंड असतो. एक घन किलोमीटर ग्रॅनाइट केवळ १ अंशाने थंड केला, तर त्यातून सुमारे ६० कोटी युनिट इतकी उष्णता निघते. त्यातली दहा टक्केच विजेत उतरली असे धरले, तरी ६ कोटी युनिट वीज होते.

मग अडचण कुठे आहे? दगड उष्णता सहजासहजी सोडत नाही, ही खरी अडचण आहे. भोकाच्या भिंतीलगतचा दगड पाणी लागताच थंड होतो आणि मागची उष्णता तिथे पोहोचायला फार काळ लागतो. त्यामुळे एका भोकात पाणी ओतून ते उपसल्याने काम भागत नाही. पाण्याला तापलेल्या दगडाच्या खूप मोठ्या पृष्ठभागावरून वाहावे लागते आणि त्यासाठी घट्ट दगडात असंख्य बारीक वाटा तयार कराव्या लागतात. या तंत्राला अभियांत्रिकी भूऔष्णिक प्रणाली म्हणतात, आणि त्यातली 'अभियांत्रिकी' ती या वाटांची.

वाट तयार करायची रीत अशी आहे. पहिला बोअर तीन ते पाच किलोमीटर खोल नेतात, वरच्या भागात पोलादी केसिंग, म्हणजे आतली नळी, बसवून ते सिमेंटने पक्के करतात आणि तळाच्या भागात मोठ्या दाबाने पाणी सोडतात. दगडात आधीपासून मिटलेल्या भेगा असतात. दाब वाढला की त्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून किंचित सरकतात. त्या खडबडीत असल्यामुळे पुन्हा जशाच्या तशा बसत नाहीत आणि मध्ये फट राहते. प्रत्येक सरकण्यातून अतिसूक्ष्म भूकंप होतो. तो माणसाला जाणवत नाही, पण जमिनीत पुरलेल्या संवेदकांना कळतो. अशा हजारो नोंदींवरून भेगांचा विस्तार किती झाला याचा नकाशा तयार होतो, आणि दुसरा बोअर त्या नकाशाच्या ऐन मध्यात न्यायचा असतो. मग एका बोअरने थंड पाणी खाली जाते, भेगांतून तापत दुसऱ्या बोअरपर्यंत पोहोचते आणि वर येते. वर ते आयसोब्युटेन किंवा पेंटेनसारख्या कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला उष्णता देते, त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि पाणी परत खाली सोडले जाते.

[दृश्य : जुन्या प्रयोगांची रेखाचित्रे.]

कागदावर हे सरळ दिसते, प्रत्यक्षात मात्र पहिल्यापासून फजिती होत आली. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने १९७०च्या दशकात न्यू मेक्सिकोमधील फेंटन हिल येथे पहिला प्रयोग सुरू केला. त्याच्या दुसऱ्या, अधिक खोल टप्प्यात दोन्ही बोअर घेऊन झाल्यावर दगड फोडला, तर भेगा अपेक्षेपेक्षा वेगळ्याच दिशेने पसरल्या आणि दोन बोअरची भेटच झाली नाही. शेवटी एक बोअर वळवून भेगांच्या ढगात न्यावा लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये खाली सोडलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा परत आला नाही. फ्रान्समधील सुल्त्स येथे १९८७ पासून सुरू झालेल्या कामाला पाच किलोमीटर खोलीवर सुमारे २०० अंशांचा दगड मिळाला; तिथले वीजकेंद्र २००८ मध्ये उभे राहिले, तेही दीड मेगावॅटचे. ऑस्ट्रेलियाच्या कूपर खोऱ्यात गाळाच्या जाड थरांखाली फारच तप्त ग्रॅनाइट होता, २०१३ मध्ये १ मेगावॅटचे प्रायोगिक केंद्र चालले, आणि पुढे तो प्रकल्प बंद झाला.

अलीकडचा बदल विदर्भातल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. आपल्याकडे विहीर आटली की तिच्या तळाजवळून आडवे बोअर मारतात, म्हणजे जास्त झऱ्यांना तोंड मिळते. फर्व्हो एनर्जी या कंपनीने अमेरिकेतील नेवाडा राज्यात नेमके आडवे बोअर घेतले : सुमारे २,३०० मीटर खाली जाऊन दोन्ही बोअर जवळपास एक किलोमीटर आडवे वळवले आणि मधला दगड टप्प्याटप्प्याने फोडला. २०२३ मधल्या ३० दिवसांच्या चाचणीत सेकंदाला ६३ लिटर, म्हणजे ताशी सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी त्यातून फिरले आणि साडेतीन मेगावॅट वीजनिर्मितीची क्षमता दिसून आली. शेजारच्या युटा राज्यात सरकारी खर्चाने चाललेल्या फोर्ज प्रकल्पाने कृत्रिम हिऱ्यांचे दात असलेल्या बिटने (रॉडच्या टोकाच्या कापणाऱ्या अवजाराने) ग्रॅनाइट पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने कापता येतो हे दाखवले. अशा प्रकल्पाच्या खर्चात बोअरचाच वाटा फार मोठा असल्यामुळे हा वेग म्हणजे थेट पैशांची बचत आहे.

[दृश्य : गाविलगडची डोंगररांग. आवाज नाही.]

आता जोखमीकडे वळू, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. डिसेंबर २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराखाली पाणी सोडताना ३.४ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि तो प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी दक्षिण कोरियातील पोहांग येथे सुमारे साडेपाच तीव्रतेच्या भूकंपाने इमारतींचे मोठे नुकसान झाले, माणसे जखमी झाली. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी मार्च २०१९ मध्ये निष्कर्ष दिला, की प्रकल्पात सोडलेल्या पाण्याने आधीच ताणाखाली असलेला एक भ्रंश जागा केला. त्या भ्रंशाची ओळख आधी पटलेली नव्हती.

महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट दोन्ही आपल्या आठवणीत आहेत, आणि कोयनेच्या बाबतीत धरणातल्या पाण्याचा संबंध अभ्यासकांनी मान्य केलेला आहे. म्हणून सालबर्डीबद्दल बोलताना एक पेच स्पष्ट सांगितला पाहिजे. जो तडा गरम पाणी वर आणतो, जुना दगड उघडा करतो आणि आपल्याला या जागेकडे ओढतो, त्याच तड्यापासून दाबाचे पाणी दूर ठेवायचे आहे. झरा ही येथे उष्णता असल्याची खूण आहे. बोअर तिथेच मारावा असा तिचा अर्थ नाही. भ्रंशापासून पुरेसे दूर जाणे, पाणी सोडण्यापूर्वी दीर्घकाळ भूकंपमापनाची नोंद ठेवणे, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे धक्के गेले की दाब कमी करण्याची किंवा काम थांबवण्याची व्यवस्था लेखी करून ती गावासमोर ठेवणे, एवढे झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे पाणी बंद चक्रात फिरते, पण सुरुवातीला भेगा भरण्यासाठी आणि पुढे गळती भरून काढण्यासाठी ते आणावे लागतेच. जिथे संत्र्याची झाडे टँकरने जगवावी लागतात, तिथे हे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, हा प्रश्न पहिल्याच ग्रामसभेत विचारला जाईल आणि तो विचारलाच पाहिजे. तिसरी गोष्ट उन्हाची. अशी केंद्रे पाणी वाचवण्यासाठी हवेने थंड केली, तर बाहेरची हवा जितकी तापलेली तितकी वीज कमी होते. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि विजेची गरज शिगेला पोहोचते, नेमके तेव्हाच विदर्भातले असे केंद्र सर्वांत कमी वीज देईल.

त्यामुळे येथे विजेच्या आधी थेट उष्णतेचा विचार करावा, असे आम्हाला वाटते. सुमारे ९० अंशांच्या पाण्यावर लिथियम ब्रोमाइड वापरणारी शोषण पद्धतीची शीतयंत्रे चालतात आणि ती ६-७ अंशांचे थंड पाणी देतात. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे उन्हाच्या तोंडावर बाजारात येतात, तेव्हा दर पडला तरी माल थांबवण्याची सोय अनेकांकडे नसते. वीज करताना उष्णतेचा फार मोठा भाग वाया जातो. शीतगृहात किंवा हळद वाळवताना तो कामी लागतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात ३८१ भूऔष्णिक स्थाने नोंदवली असून एकूण क्षमतेचा अंदाज सुमारे १०,६०० मेगावॅट दिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरणही जाहीर झाले, आणि खोल दगडातले हे तंत्र त्यात समाविष्ट आहे. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॅटचे छोटे केंद्र उभारले आहे. खोल बोअरचा अनुभवही राज्यात आहे : कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटरचा बोअर पूर्ण झाला, त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगड लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटी पट्टिताश्म.

[दृश्य : पुन्हा तीच बाग, सकाळ. गाडी निघून गेली आहे. केसिंगच्या तोंडावर पालथे ठेवलेले घमेले.]

रात्रीचा बोअर हजार फुटांवर थांबवला. तळाशी ओलावा आहे, वाहते पाणी नाही. बागायतदाराच्या हिशेबी तो फेल आहे. उष्णतेच्या शोधात मात्र अशाच बोअरची गरज असते, कारण वाहते पाणी खालची उष्णता इकडून तिकडे नेऊन मोजमाप बिघडवते. काही आठवडे त्याला हात न लावता, त्यात पाणी साचून स्थिर झाल्यावर तापमापक तारेला बांधून खाली सोडायचा, दर १० मीटरला थांबायचे, आकडा स्थिरावला की लिहून घ्यायचा. ३०० मीटरमध्ये वर आणि तळाशी साडेसात अंशांचा फरक निघाला, तर वाढ नेहमीची आहे. पाचच अंश निघाला, तर जमिनीलगतचे २७-२८ अंश धरूनही चार किलोमीटरवर जेमतेम ९५ अंश मिळतील आणि विजेचा विषय मिटेल. बारा अंश निघाला आणि दहा-वीस गावांतल्या अशाच फेल बोअरमध्ये तोच आकडा पुन्हा आला, तर चार किलोमीटरवर १८५ अंशांच्या पुढचा दगड असण्याची शक्यता आहे, आणि मग मोठी गाडी बोलावण्याविषयी बोलता येईल.