नाव छापून येण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. एका तालुक्याच्या गावी ती तासिका तत्त्वावर शिकवते. सीएचबी म्हणतो आपण. वर्षातले सात-आठ महिने काम, आणि त्याचा पगारही कधी वेळेवर नाही. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं एक प्रमाणपत्र काढलं. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, खाली संपादकांची सही, कोपऱ्यात 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे पत्रिकेतल्या लेखांचा इतर संशोधक किती आधार घेतात याचं माप, म्हणून दशांश चिन्हासकट एक आकडा. "सर, माझा पेपर पब्लिश झाला," ती म्हणाली.

मी विचारलं, पाठवलास कधी? "मंगळवारी." आणि घेतल्याचं कधी कळलं? "बुधवारी सकाळी. लगेच पैसे भरले, शुक्रवारी अंक ऑनलाइन आला." १८०० रुपये. ते तिनं आईकडून घेतले होते.

आम्ही दोघांनी तो लेख शेजारी बसून वाचला. विषय चांगला होता. चार वर्षं खेडोपाडी फिरून तिनं माहिती जमवली होती. पण तिसऱ्या पानावरच्या कोष्टकात बेरीज चुकलेली होती, आणि पुढं एक अख्खा परिच्छेद दोनदा छापला होता. म्हणजे तो लेख कोणी वाचलाच नव्हता. संपादकानं नाही, छापण्याआधी लेख तपासणाऱ्या जाणकारानं, म्हणजे परीक्षकानं नाही, प्रूफ तपासणाऱ्यानंही नाही. चार वर्षांच्या कष्टांना एकही वाचक न मिळता ते छापून मोकळे झाले होते. तिचा चेहरा उतरला. मलाही त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

श्रोतेहो, संशोधनपत्रिकांची नीतिमत्ता हा विषय प्राध्यापकांच्या खोलीतला आहे असं तुम्हाला वाटेल. आपण शेतकरी, आपण गृहिणी, आपल्याला काय त्याचं? म्हणून आधी दवाखान्यातली एक गोष्ट सांगतो.

जर्मनीत योआखिम बोल्ट नावाचे एक भूलतज्ज्ञ होते. मोठं नाव. ऑपरेशनच्या वेळी किंवा अतिदक्षता विभागात रुग्णाचं रक्त कमी झालं की शिरेतून जे द्रव देतात, त्यांतल्या स्टार्चच्या एका प्रकारावर त्यांनी लेखांमागून लेख लिहिले. ते द्रव सुरक्षित आहे, असा त्या लेखांचा सूर. डॉक्टर लेख वाचतात आणि त्यावर विसंबून बाटली लावतात. २००९ मध्ये त्यांचा आणखी एक लेख आला आणि काही वाचकांनी संपादकांना पत्रं लिहिली, की हे आकडे फारच एकसारखे आहेत, खऱ्या माणसांच्या रक्ताचे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. चौकशी झाली. लेखात वर्णन केलेल्या अभ्यासाचा पत्ताच लागेना. मग जुने लेख उघडले, तर कितीतरी अभ्यासांना नीतिमत्ता समितीची परवानगीच नव्हती. २०११ मध्ये अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन हे जाहीर केलं. आजवर त्यांचे शंभराहून अधिक लेख मागे घेतले गेले आहेत.

पुढचं ऐका. २०१३ मध्ये काही संशोधकांनी या स्टार्चवरचे सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. बोल्ट यांचे सात अभ्यास बाजूला काढले, तेव्हा दिसलं की हे द्रव दिलेल्या अत्यवस्थ रुग्णांमध्ये मृत्यू आणि मूत्रपिंड निकामी होणं, दोन्ही जास्त आहे. इतकी वर्षं ते सात अभ्यास तराजूत वजन टाकून बसले होते. त्या काळात किती जणांना ती बाटली लावली गेली असेल, याचा विचार मनात आला की माझ्या अंगावर काटा येतो. ते रुग्ण कुठली संशोधनपत्रिका वाचत नव्हते.

पण या गोष्टीत मला धीर देणारीही एक गोष्ट आहे. तो खोटेपणा उघडा पडला तो वाचकांमुळे. कोणीतरी पानावर बोट ठेवून आकडे वाचले, आणि संपादकानं ती पत्रं टोपलीत न टाकता विचारपूस केली. नीतिमत्तेचे नियम भरपूर आहेत. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी 'कोप' नावाची समिती काढली. लेख चोरलेला निघाला तर काय करायचं, परीक्षकाचे हितसंबंध गुंतले असतील तर काय, याच्या पायरी-पायरीच्या सूचना तिनं करून ठेवल्या आहेत. पण त्या सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. लेख कोणीतरी मनापासून वाचला पाहिजे, आणि त्याबद्दल कोणीतरी जबाब दिला पाहिजे.

आता आपल्याकडे काय झालं ते बघू. २०१० च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत आणली. एपीआय स्कोअर. पेपरला इतके, परिषदेला इतके. बढती हवी, पेपर टाका. पीएच.डी.चा प्रबंध द्यायचाय, आधी पेपर छापून आणा, असा तेव्हा नियम होता. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही; आम्ही बरेच जण एकदा नोकरी लागली की लिहिणं सोडून देत होतो, हे खरंच आहे. पण ज्या कॉलेजात ग्रंथालयात चार नियतकालिकं येत नाहीत, जिथं एक माणूस पाच वर्गांना शिकवतो, निवडणुकीच्या याद्या करतो आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली भरतो, तिथं पेपरची मागणी आली की पेपरचं दुकानही येणारच. आणि तसं ते आलंच. व्हॉट्सअॅपवर जाहिराती फिरतात: चोवीस तासांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांकासह, प्रमाणपत्र मोफत.

हा आयएसएसएन काय आहे ते सांगतो, कारण त्याच्या नावावर फार फसवणूक होते. तो आठ अंकी क्रमांक असतो. नियतकालिक ओळखू यावं म्हणून दिलेला, बस. गाडीच्या नंबरप्लेटवरून चालवणाऱ्याला गाडी येते की नाही हे कळत नाही, तसंच हे. आतल्या मजकुराची हमी त्यात नसते.

२०१७ मध्ये यूजीसीनं मान्यताप्राप्त पत्रिकांची एक यादी लावली. विद्यापीठांनी नावं सुचवली आणि ती यादीत घुसली. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांपैकी १००९ पत्रिका एकेक करून तपासल्या आणि निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापले. ८८ टक्क्यांहून जास्त पत्रिका हलक्या दर्जाच्या निघाल्या. कोणाचा पत्ता नाही, कोणाच्या संपादकांची नावं नाहीत, कोणाचा आयएसएसएनच खोटा, कोणी इम्पॅक्ट फॅक्टर स्वतःच ठरवून टाकलेला. मे २०१८ मध्ये यूजीसीनं एका फटक्यात ४३०५ पत्रिका यादीतून काढल्या. मग 'यूजीसी-केअर' नावाची नवी यादी आली, तीही याच पुणे विद्यापीठाच्या मदतीनं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. चोरीला टक्क्यांप्रमाणे शिक्षा ठरल्या. ६० टक्क्यांच्या वर उतारा जुळला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द.

आणि दुकानदार? त्यांनी केअर यादीतल्या जुन्या, सचोटीच्या पत्रिकांच्या नावांनी हुबेहूब नकली वेबसाइटी काढल्या. तेच नाव, तोच क्रमांक, पैसे मात्र भलत्याच खात्यात. खऱ्या आणि नकली पत्रिका शेजारी-शेजारी दाखवायची वेळ केअरवर आली. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअरची यादीच बंद केली. आता निकष सुचवलेत, निवड ज्या-त्या संस्थेनं करायची.

माझं मत विचाराल तर यादी गेली याचं मला फार दुःख नाही. यादीमुळे आम्हाला एक वाईट सवय लागली होती. मुलाखतीला बसलेले तज्ज्ञ उमेदवाराचा लेख उघडून बघत नव्हते, यादीत नाव आहे का तेवढं बघत होते. पण ज्या कॉलेजात हे निकष लावणारा माणूस नाही, त्यानं काय करायचं? तिथल्या मुलांना तुमचं तुम्ही बघा म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

हा आजार आपलाच आहे असं मात्र समजू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकाच्या वतीनं जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट लेख ३०४ पत्रिकांकडे पाठवला. १५७ पत्रिकांनी तो घेतला. त्यांतल्या ६४ भारतातल्या होत्या, हे सांगताना मान खाली जाते. पण मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांची गतही बघा. वायली या नामवंत प्रकाशकानं विकत घेतलेल्या हिंदावी कंपनीच्या पत्रिकांतून २०२३ या एकाच वर्षात ८००० हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. विशेषांकांच्या नावाखाली पैसे घेऊन लेख बनवून देणारे कारखाने आत शिरले होते. काही लेख ओळखू आले ते भाषेवरून. दुसऱ्याचा मजकूर चोरून, पकडलं जाऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतलेले. आपल्याकडे कोणी 'हृदयविकाराचा झटका'च्या जागी 'काळजाच्या दुखण्याचा हिसका' लिहावं, तसं. डॉक्टरनं एकदा जरी वाचलं असतं तरी तो थबकला असता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती आम्हा मार्गदर्शकांची आहे. विद्यार्थी लिहितो आणि आदरानं गाइडचं नाव घालतो, पुष्कळदा आधी. मीही सुरुवातीच्या वर्षांत दोनदा तसं नाव छापून येऊ दिलं. एकदा एका परिसंवादात त्यातल्या एका लेखातल्या आकड्याबद्दल मला कोणी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. माझा विद्यार्थी मागच्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटली. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत, आणि चारही पाळाव्या लागतात: कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत हात हवा, शेवटच्या मसुद्याला संमती हवी, आणि उद्या कोणी विचारलं तर जबाब द्यायची तयारी हवी. त्या दिवशी माझ्याकडे चौथी गोष्ट नव्हती. त्यानंतर मी तसं नाव लावू दिलं नाही.

नंतर काही वर्षं मी एका लहानशा मराठी त्रैमासिकाचं संपादन केलं. तीनशे वर्गणीदार, मानधन कोणालाच नाही. आलेला प्रत्येक लेख लेखकाचं नाव झाकून दोन जाणकारांकडे जायचा. एकदा जात्यावरच्या ओव्यांवर एका तरुणाचा लेख आला. एका परीक्षक बाईंनी हातानं लिहिलेली चार पानं पाठवली. पहिलाच प्रश्न होता: 'या ओव्या कोणाच्या? लेखात गावाचं नाव आहे, म्हणणाऱ्या बाईचं नाही. तिला विचारलं होतं का?' हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात म्हणणाऱ्या बायकांची आणि गावांची नोंद ठेवली, हा दाखला त्यांनी दिला होता.

तो तरुण आधी रागावला. मग एसटीनं पुन्हा त्या गावी गेला, आजीबाईंची परवानगी घेतली, नाव विचारून आला. लेख वर्षभर उशिरा छापला. अंक निघाल्यावर आम्ही दोघं त्यांना एक प्रत द्यायला गेलो. आजींना वाचता येत नव्हतं. नातीनं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. नाव आलं तेव्हा आजींनी पदर नीट केला. पुढं एका ओवीला त्यांनी नातीला थांबवलं. "पुन्ना वाच." तिनं वाचलं. "आवं, शेवटचं चरण कुठं गेलं? माज्या भावाचं नाव येतं त्यात, तेच ऱ्हायलं की."

तरुणाच्या वहीत ते चरण होतं. लेखात उतरवताना सुटलं होतं. दोन परीक्षकांनी, मी, प्रूफ वाचणाऱ्यानं, कोणीच ते धरलं नव्हतं. आजींनी पुन्हा म्हणून दाखवलं, त्यानं लिहून घेतलं, आणि या वेळी वाचून दाखवून खात्री केली.

पुढच्या अंकात, अनुक्रमणिकेच्या लगेच खाली, आम्ही शुद्धिपत्र छापलं. अख्खी ओवी, भावाच्या नावासकट.

नमस्कार.