पंडितेनं संस्कृत खाली ठेवलं

(दृश्य: पुणे–दौंड लोहमार्ग. केडगाव स्थानकाची पाटी. दूरवर गुऱ्हाळाचा धूर.)

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर केडगावला थांबते. आज खिडकीतून ऊस दिसतो, हंगामात गुळाचा वास येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं यातलं काही नव्हतं. कोरडवाहू माळ होता. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर तीही नाही. या माळावर एका बाईनं जमीन घेतली, विहिरी खणल्या, आणि पुढं याच ठिकाणी अख्खं बायबल मराठीत आणलं.

त्या पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात, विधवांसाठी केलेल्या कामाच्या. बायबलच्या कामाचा उल्लेख बहुधा तिथं नसतो. आपण आज त्याच कामाकडे बघणार आहोत, पण तिथं पोचायला आधी एका भाकरीपाशी थांबावं लागेल.

(दृश्य: चूल. परातीत थापलेली बाजरीची भाकरी.)

१८७०चं दशक. मद्रास इलाख्यात दुष्काळ. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत फिरायचं. घर असं नव्हतंच. शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं होतं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, धाकट्या लेकीला संस्कृत शिकवलं. पहाटे उठवून. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले ते असे, आईच्या तोंडून.

मग जवळचं सगळं संपलं. दागिने गेले, भांडी गेली. अकरा दिवस झाडाच्या पाल्यावर आणि पाण्यावर काढले. आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. तापाच्या भरात तिनं बाजरीची भाकरी मागितली. रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. त्यांनी लिहून ठेवलंय, दारात उभ्या राहिल्या, पण मागायला जीभ उचलेना. भिक्षा हा ब्राह्मणाचा धर्म, असं ऐकत वाढलेली मुलगी, पण या दारात शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनं ओळखलं आणि तुकडा दिला. तो आईला खाता आला नाही.

आई गेली. मोठी बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पांढरं नेसलेल्या, केस कापलेल्या रमाबाई. मांडीवर लेक मनोरमा.)

पुढची चार वर्षं भराभर सांगतो, कारण ती गेलीही तशीच. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीनं विवाह. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म. १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. त्याच साली पुणं, आणि तिथं आर्य महिला समाजाची स्थापना. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं माय-लेकींचा बाप्तिस्मा.

डॉक्टर व्हायला गेलेल्या या बाईला ऐकू कमी येऊ लागलं आणि ते स्वप्न तिथंच राहिलं.

बाप्तिस्मा झाला म्हणून बाई नमली, असं मात्र समजू नका. शाकाहार सोडला नाही. बिशप सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानली नाही. ज्यांच्या आधारानं राहत होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रातून कडाक्याचे वाद घातले. त्यातला एक वाद क्रुसावरच्या अक्षरांचा. अक्षरं लॅटिन होती. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा असं काय मोठं आहे? ब्राह्मणांना संस्कृत देवाची भाषा वाटते, तसं तुम्हाला लॅटिन वाटतं की काय? मी संस्कृतला धरून राहीन. ती पवित्र आहे म्हणून नव्हे, ती माझ्या देशाची सर्वांत सुंदर आणि सर्वांत जुनी भाषा आहे म्हणून.

हा प्रसंग लक्षात ठेवा.

(दृश्य: पुण्यातली जुनी गल्ली. वर्तमानपत्रांच्या पिवळ्या पानांची झलक.)

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपानं मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुणेकरांचं सगळंच चुकलं, असं मी म्हणणार नाही. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असा शब्द होता. आणि रमाबाई तोवर बदलल्या होत्या. त्यांनीच नंतर लिहिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं गेली. ज्याला असं काही मिळतं त्याला ते झाकून ठेवता येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच तर अडचण.

(दृश्य: केडगाव. विहीर. मुक्ती मिशनच्या जुन्या इमारती.)

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडं गेल्या. मदत छावण्यांतल्या मुली पाहिल्या, आणि वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्यापुढं उभी राहिली. सदनाजवळ पैसे नव्हते. तरी सुमारे ३०० मुली आणल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना रोज भाकरी! प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस म्हणतो, 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे.' ती ओळ रमाबाई कशा म्हणत असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

(दृश्य: छापखाना. खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची केस. स्त्रीचा हात एकेक खिळा उचलतो.)

आणि मग ते काम सुरू झालं.

मराठी बायबल आधीपासून होतं. पण त्याची भाषा मुक्तीतल्या बायकांना कळत नव्हती. संस्कृत शब्दांनी जड, आणि त्या शब्दांना जुन्या अर्थांचे धागे चिकटलेले. रमाबाईंना ही अडचण दिसली, कारण संस्कृत त्यांच्याइतकं तिथं कुणालाच येत नव्हतं. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास मांडला. एकेक शब्द मुळाशी ताडून बघायचा आणि नांगर धरणाऱ्याच्या घरातल्या बाईला समजेल असा मराठी शब्द शोधायचा. सोपा शब्द शोधायला अवघड शब्दापेक्षा जास्त वेळ लागतो, हे लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.

क्रुसावरही संस्कृतच हवं म्हणणारी बाई ती हीच. आईनं पहाटे उठवून दिलेलं धन, पाल्यावर काढलेल्या दिवसांतही शाबूत राहिलेलं, कलकत्त्यानं गौरवलेलं. मान, पुण्यातले मित्र, हे सगळं त्यांनी सोडलं, त्याबद्दल लोक बोलतात. मला विचाराल तर देवापुढं ठेवलेली त्यांची सर्वांत जड वस्तू ही होती.

ते भाषांतर वाचायला नेहमीच गोड लागतं, असं नाही. मूळ शब्द सुटू द्यायचा नाही या हट्टापायी वाक्य कुठंकुठं अडखळतं. चर्चमध्ये आज बहुधा बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जातं. पण मुक्तीत हे पुस्तक केवळ वाचायचं नव्हतं. तिथल्या मुलींनीच खिळे जुळवले, फर्मे चढवले, कागद ओढले. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरांसकट शेकडो खिळे असतात. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली ते शिकल्या, आणि तेही उलटी अक्षरं वाचत!

(दृश्य: कंदील. मुद्रितांची चळत. शाईचे डाग.)

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. ब्रेल शिकून घेऊन अंध मुलींना वाचायला शिकवणारी, आईनंतर मुक्ती जिनं चालवायची ती. रमाबाईंना ऐकू जवळजवळ येतच नव्हतं. समोर बायबलची मुद्रितं होती, छपाईआधी तपासायची पानं. त्या तपासत राहिल्या.

मुक्तीत सांगतात की शेवटचं मुद्रित हातावेगळं झालं आणि मगच त्यांनी डोळे मिटले. ५ एप्रिल १९२२, पहाटे, झोपेत.

संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

(दृश्य: छापखान्यातली रिकामी खुर्ची नको. खिळे परत केसमध्ये टाकणारे हात. खिळ्यांचा आवाज. काळोख.)