कणात कोंडलेले जीवनसत्त्व

आजचा विषय आहे जीवनसत्त्वे पॉलिमरच्या नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, कोंडून टिकवण्याचा. त्याची सुरुवात एका पेचापासून करतो. प्रतिऑक्सिडीकारकाचे काम म्हणजे स्वतः ऑक्सिडीकृत होऊन दुसऱ्याला वाचवणे. त्यामुळे ज्या गुणासाठी आपल्याला तो हवा असतो, त्याच गुणापायी तो टिकत नाही. अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाचे मुख्य रूप, हे फिकट पिवळे, घट्टसर तेल आहे. हवेत आणि उजेडात राहिले, की ते काळवंडत जाते. क जीवनसत्त्वाचे पाण्यातील द्रावण त्याहून नाजूक असते: ऑक्सिजन आणि तांबे किंवा लोह यांचा नुसता अंश पुरतो, आणि ते डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लात बदलते. इथून परतीची वाट असते; पण त्या रेणूतले अणूंचे वलय एकदा उघडले, की जीवनसत्त्व गेले ते गेलेच.

यावर एक जुना उपाय आहे. टोकोफेरॉलचा हायड्रॉक्सिल गट ॲसिटेटने झाकला, की ते टिकाऊ होते. मात्र शरीरातील एंझाइमे तो ॲसिटेट तोडेपर्यंत ते मुक्त मूलकांना, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या चटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूंना, आवर घालू शकत नाही. नॅनोकणात रेणू जसाच्या तसा राहतो, झाकला जातो तो त्याच्या भोवतालचा परिसर. या झाकणासाठी बहुधा पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा सहबहुवारिक (दोन्हींच्या एककांची लांब साखळी असलेला पॉलिमर), निवडतात. पाणी त्याचे एस्टरबंध हळूहळू तोडते आणि उरणारी दोन्ही आम्ले शरीराच्या नेहमीच्या चयापचयात सामावून जातात. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके याच कुळातले आहेत. दोन्ही घटक निम्मे-निम्मे असतील तर विघटन सर्वांत जलद होते. लॅक्टिक आम्लाचा वाटा वाढवला, तर त्याचा मिथाइल गट पाण्याला दूर ठेवतो आणि कण अधिक काळ टिकतो.

कण बनताना पाहण्यात मौज आहे. ॲसिटोनमध्ये पीएलजीए आणि टोकोफेरॉल विरघळवून ते द्रावण ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडावे. ॲसिटोन पाण्यात पसरताच दोन्ही पदार्थांना विरघळून राहायला जागा उरत नाही, आणि क्षणात पाण्याला निळसर दुधी झाक येते. ती झाक म्हणजे बहुधा 100 ते 300 नॅनोमीटर व्यासाचे असंख्य कण. तेलात विरघळणारे जीवनसत्त्व पाण्याला टाळून आपणहून पॉलिमरकडे वळते. क जीवनसत्त्वाचा ओढा नेमका उलट, पाण्याकडे. म्हणून त्यासाठी पाण्यात तेल आणि त्या तेलात पुन्हा पाणी, असे दुहेरी पायस (इमल्शन) करावे लागते, आणि तरीही बरेच जीवनसत्त्व बाहेरच्या पाण्यात निसटते. माझ्या मते ही पद्धत त्याच्यासाठी फारशी समाधानकारक नाही; प्रबंधांत मात्र ती पुन्हा पुन्हा भेटते.

आता आकड्यांविषयी. 95 मिलिग्रॅम पॉलिमर आणि 5 मिलिग्रॅम टोकोफेरॉल घेतले आणि त्या टोकोफेरॉलातले साडेचार मिलिग्रॅम कणांत शिरले, तर कोंडण्याची कार्यक्षमता 90 टक्के होते, आणि हा आकडा शोधनिबंधाच्या सारांशात झळकतो. पण त्याच कणांच्या वजनात जीवनसत्त्वाचा वाटा जेमतेम साडेचार टक्के असतो, म्हणजे एक भाग जीवनसत्त्व नेण्यासाठी सुमारे एकवीस भाग पॉलिमर वाहावा लागतो. शिवाय कण जितका लहान, तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे: 200 मायक्रोमीटरच्या कणापेक्षा 200 नॅनोमीटरच्या कणांत ते हजारपट असते. रेणूंचा बराचसा भाग पृष्ठभागालगतच बसतो, पहिल्या काही तासांत भसकन बाहेर येतो, आणि ऑक्सिजनच्या तावडीतही तोच आधी सापडतो.

आणखी एक नुकसान आपणच करतो. पायस बारीक करण्यासाठी ध्वनिलहरींची सळई लावली, की चंचुपात्र तापते आणि त्यात हवाही मिसळते. बर्फाचे पात्र खाली ठेवायला मी एकदा विसरलो होतो, तेव्हा कण सुबक निघाले, पण जीवनसत्त्वाचा मोठा भाग खर्ची पडला होता. आकारमापनाच्या यंत्राला हे कळत नाही. म्हणून एकाच नमुन्यावर दोन मोजण्या हव्यात: कण विरघळवून क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) अखंड जीवनसत्त्व किती उरले ते पाहावे, आणि प्रतिऑक्सिडीकारकाने आवरल्यावर डीपीपीएच या जांभळ्या मुक्त मूलकाचा रंग किती उतरतो तेही पाहावे. दुसऱ्या चाचणीत अखंड कण संथ वागतात, कारण रेणूला आधी पॉलिमरमधून बाहेर यावे लागते. अशा वेळी पाच मिनिटांनी घेतलेले वाचन कणांवर अन्याय करते, तासांनी घेतलेले वाचन खरे बोलते.