फाईल राहिली पाहिजे, टाकणारा सापडला नाही पाहिजे

नाशकात बोलतोय तर उदाहरण पण इथलंच घेऊ. समजा सातपूरला कंपनीत कामाला असलेल्या एका माणसाच्या हाती कागद लागलेत, रात्री नासर्डीत काय सोडलं जातं त्याचे, आणि नासर्डी पुढे गोदावरीलाच मिळते. त्याला ते लोकांसमोर आणायचेत आणि नोकरी पण टिकवायचीय. सर्व्हरवर टाकले तर एका नोटिशीत उडतील, म्हणून पीअर टू पीअर, म्हणजे मधे सर्व्हर न ठेवता लोकांच्या मशीनवरून थेट एकमेकांकडे फाईल, आणि आपल्यातले बहुतेक जण लगेच त्यातलं टोरेंट म्हणतील.

आता टोरेंट २००१ साली ब्रॅम कोहेनने आणलं ते फाईल भराभर पसरावी म्हणून, माणूस लपावा म्हणून नाही. क्लायंटमध्ये, म्हणजे टोरेंट चालवायच्या प्रोग्राममध्ये, पीअर्सचा टॅब उघडून बघा, प्रत्येक ओळीत समोरच्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि त्याच्याकडे किती टक्के फाईल आलीय ते सरळ लिहिलेलं असतं. नवीन टोरेंट असेल तर सगळे शून्यावर आणि एकच ओळ शंभर टक्के. तो आपला माणूस!

मग टोरेंट आयटूपीवर चालवा म्हणतात, म्हणजे पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कवर. तिथे आयपी दिसत नाही, स्पीड पडतो पण ते चालवून घेऊ. माझी काळजी वेगळी आहे, पूर्ण फाईल फक्त त्याच्याकडे आहे तोवर त्याला मशीन चालू ठेवावंच लागतं, आणि मेंटेनन्ससाठी सातपूरची लाईट गेली की सीडर, म्हणजे पूर्ण फाईल देणारा, गायब, लाईट आली की हजर, असं तीन-चारदा झालं तर नोंद ठेवणाऱ्याला एन्क्रिप्शन तोडायची गरजच पडत नाही, अख्ख्या जगातून एक एरिया हातात येतो.

म्हणून मला इयन क्लार्कचं फ्रीनेट हे नेटवर्क फार मोलाचं वाटतं. २००० साली आलं, आता नाव हायफानेट. फाईलचे ३२ केबीचे एन्क्रिप्टेड तुकडे होतात, वर जादा तुकडे पण बनतात म्हणजे काही हरवले तरी फाईल जुळते, आणि हे सगळे अनोळखी लोकांच्या डिस्कवर जाऊन बसतात. टाकून झालं की मशीन बंद करून झोपा.

पण फ्रीनेट विसरतं. जागा भरली की कोणी न मागितलेले तुकडे जातात, आणि असे कागद नेमके सहा महिन्यांनी, केस उभी राहते तेव्हा लागतात. मग त्यानेच परत टाकायचे का? अजिबात नाही. पहिल्या वेळी कुठले तुकडे शोधायचे हे कोणालाच माहीत नव्हतं, आता फाईल जाहीर झालीय, तेच तुकडे कुठून येतायत ह्यावर पाळत ठेवता येते. दुसऱ्यांदा टाकणं पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की टाकणाऱ्याने एकदाच टाकावं आणि निघून जावं, टिकवायचं काम वाचणाऱ्यांनी अंगावर घ्यावं. नदीसाठी उघडपणे काम करणारे लोक आहेत ना, त्यांनी फाईल उतरवून घ्यायची, फ्रीनेटवर मधूनमधून तपासून गेलेले तुकडे परत भरायचे, त्यासाठी कीपअलाईव्ह नावाचं प्लगइन आहे, आणि मग स्वतःच्या नावाने साधं टोरेंट पण चालू करायचं. फक्त एकट्याने सुरू करू नका, नाहीतर जो सुरू करेल त्याच्यावरच मूळ टाकणारा म्हणून संशय. नाशिकपासून पैठण, नांदेडपर्यंत हेच पाणी खाली जातं, तिकडच्या लोकांकडे पण पूर्ण फाईल पोचू दे आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सीडिंग, म्हणजे पूर्ण फाईल इतरांना देणं, सुरू करा.