टाका घटवला, पण दिसला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

हातात विणकाम असेल तर खाली ठेवू नका, विणता विणताच ऐका. बाही खांद्याकडे निमुळती होते, टोपी शेंड्याशी मिटत येते, ती टाके घटवल्यामुळे. दोन टाक्यांचा एक करायचा, एवढंच ते काम. पण त्या दोघांतला एक वर बसतो आणि नजर त्याच्याकडेच जाते. म्हणून सुई घालण्याआधी ठरवावं, वर कोणता टाका हवा?

दोन टाके एकत्र सुलट विणले की डावा टाका वर येतो, घट उजवीकडे कलते. डावीकडे कलायला हवी, तर दोन टाके एकेक करून, सुलट विणताना घालतो तशी सुई घालून, न विणता उजव्या सुईवर घ्या. तसेच डाव्या सुईवर परत ठेवा आणि मागच्या बाजूने सुई घालून एकत्र विणा. सुलट ओळीच्या सुरुवातीला डावीकडे कलणारी घट आणि शेवटी उजवीकडे कलणारी घेतली, की टाके काठाच्या उतारानेच चढतात. काठाचे एक-दोन टाके सोडून आत घटवा, शिवायला सोपं जातं.

डावीकडची घट बरेचदा ढिली, पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कारण सुईवरून सुईवर नेताना टाका ताणला जातो. दुसरा टाका उलट विणतानासारखी सुई घालून उचला आणि काम सुयांच्या टोकांवरच करा. एवढ्यानेही घट खूप सपाट बसते.

क्रोशाच्या बाहुल्यांत तर याहून सुंदर युक्ती आहे आणि ती प्रत्येकाने शिकावी असं मला मनापासून वाटतं. नेहमीसारखे दोन मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, एकत्र केले की गाठ येते, शेजारी भोक पडतं, त्यातून आतला कापूस डोकावतो. त्याऐवजी सुई पहिल्या टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त पुढच्या, आपल्याकडच्या धाग्यात घाला. दोरा न घेता लगेच दुसऱ्याच्याही पुढच्या धाग्यात घाला. आता दोरा घेऊन या दोन्ही धाग्यांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन सुईवर उरलेल्या दोन्ही फासांतून. घट साध्या मुक्या खांबासारखी दिसते. मात्र गोल विणताना, सुलट बाजू बाहेर असतानाच.

आणखी एक. प्रत्येक फेरीत घट एकाच जागी आली की गोलाला षट्कोनी कोपरे येतात. 36 टाक्यांवर ‘चार मुके खांब, एक घट’ असं सहा वेळा न करता ‘दोन मुके खांब, घट, दोन मुके खांब’ करा. टाके तेवढेच, 30 उरतात, पण घटीची जागा सरकते. पुढच्या फेरीत पुन्हा नेहमीसारखं. शेवटी सहा टाके राहिले की त्यांच्या पुढच्या धाग्यांतून दोरा ओवा, ओढा, आणि टोक आत दडवा.